सकाळी रस्ता, दुपारी गल्ली : शाळेच्या सायकलींचं एक प्रकरण

शाळेच्या सायकली फुटपाथवरून न्यायच्या की रस्त्यावरून, यावरचं हे प्रकरण पुण्याच्या एका उपनगरातलं. शाळा, सोसायटी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत. मी त्याच शाळेतल्या नववीच्या मुलीची आई आणि पालक-शिक्षक संघाची सभासद. मुलगी सायकलने जाते, तेव्हा माझं माप कुठल्या बाजूला झुकतं हे वाचणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

पार्श्वभूमी

शाळा सकाळची, सात दहा ते साडेबारा. बहुतेक सायकलवाली मुलं शाळेच्या पश्चिमेला असलेल्या एका मोठ्या वसाहतीतून येतात. अंतर जेमतेम ९०० मीटर. वसाहत आणि शाळा रस्त्याच्या एकाच बाजूला, रस्त्याच्या मधोमध दुभाजक. म्हणजे सकाळी मुलं शाळेकडे निघाली की वाहतूक त्यांच्याच दिशेने चाललेली असते. दुपारी घरी जाताना मात्र त्याच बाजूने गेलं तर राँग साइड. नियमाने जायचं तर शाळेसमोर रस्ता ओलांडा, पलीकडून वसाहतीपर्यंत या आणि चौकात पुन्हा ओलांडा. साडेबाराच्या उन्हात, पाठीवर दप्तर घेऊन बारा वर्षांचं कुठलंही पोर हे करत नाही. ते सरळ फुटपाथवर चढतं.

फुटपाथही मोहात पाडणारा. तीनेक वर्षांपूर्वी नवीन झालेला, पेव्हर ब्लॉकचा, दिसायला रुंद. या प्रकरणाच्या आदल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला रस्त्यावर टेम्पोचा आरसा घासून गेला होता. खांदा सोलवटला, बाकी काही नाही, पण पालक हादरले. म्हणून शाळेने जूनमध्ये एका ओळीची सूचना काढली: सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरक्षिततेसाठी फुटपाथचा वापर करावा. खाली सही, शिक्का. संघाच्या बैठकीत ती वाचली गेली तेव्हा मीही मान डोलावली होती.

पुण्याला कोणे एके काळी सायकलींचं शहर म्हणत, हे वाक्य आमच्या पिढीला पाठ आहे आणि आता ते म्हणताना थोडी लाजच वाटते. डिसेंबर २०१७मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ आणि त्याला लागून सायकल ट्रॅक झाला. तशी जागा असती तर हे लिहायची वेळ आली नसती. आमच्याकडे एक फुटपाथ, एक रस्ता, आणि दोन्हीकडे गर्दी.

त्या दुपारी

ऑगस्टमधला बुधवार, एकच्या सुमारास. पाऊस उघडलेला, पेव्हर ब्लॉक ओले. सातवीतला एक मुलगा शाळेकडून वसाहतीकडे फुटपाथवरून चालला होता. तिथे रस्त्याला हलका उतार आहे, पेडल न मारता सायकल पळते. वाटेत बसथांब्याची शेड लागते. तिच्या आडून एकाहत्तर वर्षांच्या आजी बाहेर आल्या. औषधाच्या दुकानातून परतत होत्या. मुलाने ब्रेक दाबला, मागचा लागलाच नाही. हँडलचं टोक आजींच्या दंडाला लागलं, त्या हातावर पडल्या आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

मुलगा पळाला नाही. गोळ्यांची पाकिटं गोळा करून पिशवीत भरली, आजींना शेडमधल्या बाकावर बसवलं आणि त्यांच्याच फोनवरून त्यांच्या मुलाला फोन लावला. तोवर दहा-बारा माणसं जमली होती आणि त्यातल्या एकाने त्याच्या कानाखाली वाजवलीही होती. हे आम्हाला आठवड्याने कळलं, तेही त्याच्याकडून नाही.

नंतर सायकल पाहिली. मागच्या ब्रेकचे रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं आणि घंटीची टोपी गायब.

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या दिवशी दोन तट पडले. आजींच्या सोसायटीचं म्हणणं, फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, सायकली खाली उतरवा. पालकांचं म्हणणं, खाली उतरवून बसखाली घालायची का मुलं? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून वाद विझत नव्हता. मुख्याध्यापिका बाई वैतागून म्हणाल्या, सायकलीच बंद करते, प्रश्न मिटला.

पोलिसात तक्रार द्यायची तयारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी केली होती. ती आजींनी थांबवली. पैशांबद्दलही त्यांनी स्वतःच तोड काढली. मुलाच्या वडिलांकडून औषधांचे घेतले, प्लास्टरचे नाकारले. "प्लास्टर माझ्या विम्यात बसतं," एवढंच म्हणाल्या. हा पहिला निर्णायक क्षण, आणि त्यात आमचं कर्तृत्व शून्य. तक्रार झाली असती तर पुढचे सहा महिने सगळे आपापली बाजू सावरत बसले असते.

शनिवारच्या बैठकीत वसाहतीतले एक निवृत्त वकीलकाका उभे राहिले. त्यांनी सांगितलेलं ऐकून बाईंचा चेहरा उतरला. सायकल मोटार वाहन नाही, तिला परवाना लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१ प्रमाणे पदपथावर बाळगाडीखेरीज दुसरं कुठलंही वाहन चालवायला मनाई आहे. म्हणजे जे कायद्यात बसत नाही, ते शाळेने शिक्क्यानिशी मुलांना करायला सांगितलं होतं. पोलिस शाळकरी पोराला त्यासाठी पकडत नाहीत हा भाग वेगळा. पण उद्या आजींच्या मुलाने ती सूचना पुढे केली असती, तर दोष सातवीतल्या मुलाचा राहिला नसता.

मग जर्मनीत मुलाकडे राहून आलेले एक काका म्हणाले, तिकडे तर लहान मुलांनी फुटपाथवरूनच सायकल चालवायची असते. खरं आहे. तिथे आठ वर्षांपर्यंत सक्ती, दहापर्यंत मुभा, आणि लहान मुलाबरोबर एका मोठ्या माणसालाही फुटपाथवरून सायकल नेता येते. जपानमध्येही तेरा वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरीपुढच्यांना फुटपाथवर सायकल चालते. पण दोन्हीकडे सवलतीला शेपूट आहे. जर्मनीत रस्ता ओलांडताना मुलाने उतरायचं, जपानमध्ये संथ चालवायची आणि चालणाऱ्याला अडचण होत असेल तर थांबायचं. आमच्या सूचनेत ते शेपूट नव्हतं. आणि आमची मुलं आठ वर्षांची नव्हती. पाचवी ते दहावीची होती, गिअरच्या सायकली घेऊन.

टेप आणि वही

दुसरी बैठक ठरण्याआधी आम्ही तिघांनी एक काम केलं. सोमवारी साडेबारा ते सव्वा या वेळात टेप आणि वही घेऊन फुटपाथवर उभे राहिलो. या प्रकरणात आमच्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट बहुधा हीच.

फुटपाथ सगळ्यात रुंद जागी तीन मीटर भरला. बसथांब्याच्या शेडमागे दीड. विजेच्या डीपी बॉक्सपाशी एक मीटर दहा सेंटीमीटर. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांत निव्वळ चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी धरली आहे, सायकल त्यात नाहीच. म्हणजे दोन ठिकाणी हा फुटपाथ माणसांनाच पुरत नव्हता. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा माझ्यापुरता अर्धा वाद संपला.

उरलेला अर्धा गेटांनी संपवला. ९०० मीटरांत अकरा गेटं आणि दुकानांच्या पार्किंगची तोंडं. प्रत्येक ठिकाणी फुटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो. एका गेटवर उभं राहून बाहेर येणाऱ्या गाड्यांचे चालक बघितले. सगळे उजवीकडे बघतात, कारण रस्त्यावरची वाहतूक तिकडूनच येते. दुपारी घरी जाणारं मूल येतं डावीकडून. चालणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. तो गाडीचं नाक बघून थबकतो. ताशी पंधराच्या वेगाने येणारी सायकल एका सेकंदात चार मीटर पुढे येते. चालकाने मान डावीकडे वळवेपर्यंत ती बॉनेटसमोर. त्या पाऊण तासात असे दोन करकचून ब्रेक आम्ही ऐकले. दोन्ही वेळा मुलं हसून निघून गेली. गाडीवाल्यांना घाम फुटलेला दिसला.

म्हणजे फुटपाथवर मुलांपासून आजींना धोका होता हे जितकं खरं, तितकंच मुलांनाही तिथे वाटत होतं तेवढं अभय नव्हतं. पालकांच्या डोळ्यांसमोर मागून येणारी बस असते. गेटातून निघणारी पांढरी मोटार कुणाच्या स्वप्नात येत नाही.

आणखी एक आकडा वहीत आहे. त्या पाऊण तासात फुटपाथवरून त्रेचाळीस दुचाक्या गेल्या. त्यातल्या एकोणीस गाड्यांवर मागे आमच्याच शाळेचं दप्तर होतं.

तोललेले पर्याय

सायकलबंदी हा पर्याय बाईंच्या आवडीचा होता. तो पडला तो हिशेबामुळे. शाळेत अडतीस सायकली. त्या बंद झाल्या तर त्यातल्या निम्म्या मुलांना तरी कुणीतरी स्कूटरवर सोडणार, आणि स्कूटर कुठून जातात ते वहीत होतंच.

फुटपाथ चालू ठेवा, पण घंटी वाजवा, हळू जा, हा सुचायला सोपा पर्याय. त्याविरुद्ध आजींच्या सोसायटीतल्या एक मावशी बोलल्या. "मागून घंटी वाजली की मी दचकते आणि नेमकी त्याच बाजूला सरकते." त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. त्यातून आमच्या एक मीटर दहाच्या जागी हळू म्हणजे किती हळू? चालण्याच्या वेगाने चालवली तर सायकल डगमगते. मग उतरलेलं बरं.

सगळ्यांना रस्त्यावर उतरवणं हे कायद्याला धरून होतं. सकाळसाठी ते जमण्यासारखंही होतं: वाहतूक त्याच दिशेने, सात वाजता रस्ता तसा मोकळा. दुपारी दोनदा रस्ता ओलांडणं आलं. पहिले आठ दिवस मुलं ते करतील, नवव्या दिवशी राँग साइडने रस्त्यावर येतील, आणि ते फुटपाथपेक्षा वाईट.

इथे मुलांना विचारायचं कुणालातरी सुचलं. अपघाताला तेव्हा अठरा दिवस झाले होते. नववी-दहावीच्या चौघांना बैठकीत बोलावलं. माझ्याच मुलीची मैत्रीण म्हणाली, "काकू, आम्ही संध्याकाळी क्लासला नाल्याकडच्या गल्लीने जातो. शाळेला का नाही जायचं?"

ही गल्ली सोसायट्यांच्या पाठीमागून, मुख्य रस्त्याला समांतर जाते. लांबी दीडपट, सुमारे एक किलोमीटर तीनशे मीटर. वाटेत मारुतीचं देऊळ, इस्त्रीवाला, चिकनचं दुकान. सोसायट्यांची मागची गेटं बहुतेक कुलूपबंद, त्यामुळे गाड्या बाहेर येण्याच्या जागा फक्त तीन. खोट दोन: मध्ये चाळीसेक मीटर खडी पसरलेली, आणि चिकनच्या दुकानापाशी कुत्री. पालकांनी ही गल्ली आधी विचारातच घेतली नव्हती, कारण गाडीत बसून ती दिसत नाही.

काय ठरलं

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेने जुनी सूचना मागे घेतली. नव्या सूचनेचा मसुदा वकीलकाकांनी तीनदा खोडला. सार असं: फुटपाथवर सायकल चालवायची नाही, चढावंच लागलं तर उतरून हातात धरून न्यायची. सकाळी रस्त्याने, डावीकडून, एकामागे एक. दुपारी गल्लीने.

डावीकडून म्हणजे कडेला चिकटून नव्हे, हे मुलांना वेगळं शिकवावं लागलं. अगदी कडेला ड्रेनेजची झाकणं, वाळू आणि उभ्या गाड्यांची उघडणारी दारं. हातभर अंतर सोडून सरळ रेषेत चालवली की मागच्याला अंदाज येतो. सारखं आत-बाहेर करणारं मूलच आरशाच्या तडाख्यात सापडतं. आमच्या टेम्पोवाल्या प्रसंगातही तसंच झालं होतं, हे त्या मुलीने आता, वर्षभराने सांगितलं. तेव्हा तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पाचवी ते सातवीची मुलं एकटी जाणार नाहीत, असंही ठरलं. पुढे एक पालक, मागे एक, मध्ये आठ-दहा सायकली. याला मुलांनीच दिंडी नाव ठेवलं. पुढच्या पालकाला अर्थातच वीणेकरी.

एका शनिवारी वसाहतीजवळच्या सायकलवाल्या दादांना शाळेच्या मैदानावर बसवलं. चौतीस सायकली तपासल्या, एकवीसच्या ब्रेकचे रबर बदलावे लागले. हे काम जूनमध्ये, एक पैशाचाही वाद न होता करता आलं असतं. आजींचं मनगट कदाचित त्यानेच वाचलं असतं. फुटपाथ की रस्ता या प्रश्नाला हात न लावता.

फुटपाथवरच्या दुचाक्या अडवायला सोसायटीने खांब बसवण्याचा अर्ज दिला. २०२०मध्ये पुण्यातल्याच एका आजी फुटपाथवर दुचाक्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या होत्या, त्याचा व्हिडिओ घराघरात पोचला होता. आपल्याही आजींनी तसं उभं राहावं, असं कुणीतरी गमतीने म्हणालं. प्लास्टरमधला हात उंचावून आजी म्हणाल्या, "आता तुम्ही उभे राहा."

पुढे काय झालं

सहा महिन्यांनंतरची स्थिती लिहिते. फुटपाथवर शाळेच्या सायकलीने कुणाला धक्का लागल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. गल्लीतल्या खडीवर सहावीतला एक मुलगा घसरला, कोपर फुटलं. कुत्र्यांनी अजून कुणाला चावलेलं नाही. इस्त्रीवाले काका दुपारी काठी घेऊन बाहेर उभे राहतात, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.

सायकली मात्र अडतीसच्या सत्तावीस झाल्या. अकरा मुलं व्हॅनकाकांकडे किंवा आईबाबांच्या स्कूटरवर गेली. रस्त्यावर पाठवायची हिंमत नाही म्हणून चौघांच्या घरच्यांनी सायकल काढून घेतली, बाकीच्यांना दीडपट अंतर नको होतं. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, तरी त्याची ही किंमत झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दिंडी दिवाळीपर्यंत रोज निघाली. मग पालकांची पाळी चुकायला लागली, आता आठवड्यातून दोनदा निघते. दहावीची दोन-तीन मुलं दुपारी सर्रास राँग साइडने रस्त्यावरून जातात. त्यांना नियम ठाऊक आहे, गल्लीही ठाऊक आहे.

खांबांची गंमत वेगळीच. दोन ठिकाणी बसले. पहिल्यांदा इतके जवळ की सोसायटीतल्या एका काकांची व्हीलचेअर अडकली. मग एक खांब काढून अंतर वाढवलं. व्हीलचेअर जाऊ लागली आणि स्कूटरही. व्हीलचेअर जाईल पण स्कूटर जाणार नाही असं अंतर अजून कुणाला सापडलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मूळ सूचना लिहिताना आम्ही एकच प्रश्न विचारला होता, फुटपाथ की रस्ता. सकाळ आणि दुपार वेगळी धरली असती, तर कागदावरच दिसलं असतं की सकाळी फुटपाथची गरजच नाही आणि दुपारी तो उलट दिशेने वापरला जाणार. त्याच ९०० मीटरांना दोन वेगळी उत्तरं लागणार होती.

टेम्पोच्या प्रसंगानंतर घाईने उपाय काढला, चौकशी केली नाही. त्या मुलीला दोन मिनिटं विचारलं असतं तर सायकल कशी चालवायची ते शिकवायला आम्ही वर्षभर आधी सुरुवात केली असती.

मुलांना अठराव्या दिवशी विचारलं. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

आणि ते एकोणीस दप्तरांचं. तो आकडा मी बैठकीत वाचला नाही. समोर बसलेल्यांपैकी निदान पाचजण त्या वहीत होते आणि बैठक मोडेल अशी भीती वाटली. नव्या सूचनेत विद्यार्थ्यांना सात ओळी आहेत, पालकांच्या दुचाक्यांना एकही नाही. वकीलकाकांनी ती ओळ घातली होती. शेवटच्या मसुद्यात ती गळली आणि कुणी गळवली हे विचारायला मी गेले नाही. अडतीस मुलांना आम्ही ज्या फुटपाथवरून उतरवलं, त्यावरून आमच्यातलेच काहीजण आजही रोज जातात.

आजींचं प्लास्टर ऑक्टोबरमध्ये निघालं. मूठ अजून पूर्ण वळत नाही. दुचाक्यांमुळे त्यांनी फुटपाथ सोडला आणि आता दुपारी औषधाच्या दुकानात त्या नाल्याकडच्या गल्लीने जातात. तिथे त्यांना समोरून दिंडी भेटते. गल्लीत चालणाऱ्यांनी कुठल्या बाजूने चालायचं, यावर येत्या शनिवारी बैठक ठेवली आहे. या वेळी आजींनाही बोलावलंय.